इअरफोनची पारख : श्रवणचाचणीच्या खोलीतून आलेला इतिहास

थ्रेड.

एक हजार रुपयांचा इअरफोन आणि एक लाख रुपयांचा इअरफोन यांत फरक नेमका कशाचा? खरेदीला निघालेला तरुण हा प्रश्न विचारतो आणि उत्तरादाखल त्याच्या हाती आकडे पडतात. ड्रायव्हर किती, वारंवारतेची कक्षा वीस हजार हर्ट्झपर्यंत की चाळीस हजारांपर्यंत, तार तांब्याची की चांदीचा मुलामा दिलेली. यांतील बहुतेक आकड्यांचा आवाजाच्या दर्जाशी फारसा संबंध नसतो. ज्या मोजमापांचा खरोखर संबंध असतो ती संगीताच्या बाजारात जन्मलेलीच नाहीत. ज्यांना कमी ऐकू येते अशा माणसांच्या कानांचा अभ्यास करताना ती घडली. त्या मोजमापांचा हा इतिहास.

कानाच्या आत बसणारा इअरफोन ही आयपॉडच्या काळातील कल्पना आहे, असा सार्वत्रिक समज दिसतो. वस्तुतः तिचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे. १८९१ साली एर्नेस्ट मर्काडिए या फ्रेंच अभियंत्याला अमेरिकेत एक पेटंट मिळाले. टेलिफोनवर काम करणाऱ्याला डोक्यावर सहज वागवता यावेत इतके हलके, पन्नास ग्रॅमपेक्षाही कमी वजनाचे दोन श्रवणी, आणि त्यांची टोके थेट कानाच्या छिद्रात बसवायची. टोकांवर रबरी आवरण होते. त्यामुळे कान दुखू नये आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ नये, अशी दुहेरी अपेक्षा होती. आजच्या सिलिकॉनच्या टोप्यांकडूनही याच दोन अपेक्षा असतात.

मर्काडिए यांच्या आधी दहा वर्षे, १८८१ च्या विद्युत प्रदर्शनात, क्लेमाँ आदेर यांनी पॅरिसच्या ऑपेरागृहातील गायन तारांवरून प्रदर्शनाच्या दालनात आणून ऐकवले होते. श्रोत्याच्या दोन्ही कानांना दोन वेगळे श्रवणी लावलेले असत आणि रंगमंचावरचे दोन वेगळे ध्वनिग्राहक त्यांना जोडलेले असत. त्यामुळे गायक डावीकडून उजवीकडे गेला की ते कानाला कळे. पुढे १८९० पासून 'थिएट्रोफोन' या नावाने ही वर्गणीची सेवा झाली आणि १९३२ पर्यंत टिकली. मार्सेल प्रूस्त हे तिच्या वर्गणीदारांपैकी एक. घरबसल्या दोन्ही कानांनी संगीत ऐकण्याची हौस रेडिओपेक्षा जुनी आहे, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाचे वळण अमेरिकेतील युटा प्रांतात आले. नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० साली अमेरिकी नौदलाकडे स्वतः बनवलेले हेडफोन पाठवले. नौदलाने ते तपासले, पसंत केले आणि मागणी नोंदवली. तेव्हा उघड झाले की हा गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरात बसून हे काम करतो आणि एका वेळी दहाच नग बनवू शकतो. प्रसंग गमतीचा आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने मोल आहे ते त्यांच्या रचनेला.

टेलिफोनच्या साध्या श्रवणीत लोखंडी चकती लोहचुंबकाच्या ओढीखाली सतत ताणलेली असते. बाल्डविन यांच्या रचनेत लोखंडाची एक छोटी जिव्हा चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मधोमध तोललेली असे. दोन्हीकडची ओढ समान, म्हणून जिव्हा स्थिर. तिच्याभोवतीच्या वेटोळ्यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह गेला, तरी हा तोल ढळतो, जिव्हा हलते, आणि एका बारीक दांडीमार्फत ती हालचाल अभ्रकाच्या पडद्यापर्यंत पोहोचते. या तत्त्वाला 'बॅलन्स्ड आर्मेचर' म्हणतात. अत्यल्प विजेत पुरेसा आवाज, हा त्याचा गुण. नौदलाच्या बिनतारी संदेशवाहकाला तो हवा होता, कारण त्या काळी संदेश क्षीण असत आणि ते वाढवून घेण्याची सोय नसे. चार दशकांनी हाच गुण दुसऱ्या एका वर्गाला हवा होता : श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना.

श्रवणयंत्राची बॅटरी नखाएवढी असते आणि ती दिवसेंदिवस चालावी लागते. तिथे वीज वाया घालवणारा ध्वनिक्षेपक परवडत नाही. ह्यू नोल्स यांनी १९४६ साली इलिनॉय राज्यात, शिकागोच्या परिसरात, स्थापन केलेल्या नोल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने श्रवणयंत्रांसाठी सूक्ष्म मायक्रोफोन आणि बॅलन्स्ड आर्मेचर श्रवणी बनवण्यात नाव मिळवले. तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या धातूच्या पेटीत जिव्हा, चुंबक, वेटोळे आणि पडदा असे सारे काही मावू लागले.

संगीताच्या दुनियेत याच काळात काय चालले होते? जॉन कॉस यांनी १९५८ साली मिलवॉकी येथे स्टिरिओ हेडफोन विक्रीस आणले. ते कानावर गादीसारखे बसणारे. ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर कानात घालायचे एक बोंड मिळे, तेही एकाच कानासाठी. क्रिकेटचे समालोचन किंवा बातम्या ऐकण्यापुरते ते ठीक होते. त्यातून कुणी संगीताच्या दर्जाची अपेक्षा ठेवली नाही. थोडक्यात, कानाच्या आत बसणारी वस्तू आणि उत्तम आवाज या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असू शकतो, असे कुणाला वाटतच नव्हते. श्रवणयंत्र बनवणाऱ्यांनाही नाही.

असे वाटण्यामागे एक भौतिक कारण होते. ते समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही, म्हणून इथे थोडे थांबू.

माणसाची कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचे एक टोक बाहेर उघडे आणि दुसरे कर्णपटलाने बंद. एका बाजूने बंद असलेली कोणतीही नळी एका ठरावीक स्वराला घुमते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येणारा हुंकार सर्वांच्या परिचयाचा आहे. कर्णनलिकाही अशीच घुमते, आणि बाहेरच्या कानाचा खोलगट आकार त्यात भर घालतो. परिणामी तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज कर्णपटलापर्यंत पोहोचेपर्यंत दहापंधरा डेसिबलनी वाढलेला असतो. जन्मापासून ही वाढ सोबत असल्याने मेंदू तिला वाढ मानतच नाही. त्याच्या लेखी तोच स्वाभाविक आवाज.

आता त्या नळीच्या तोंडाशी बूच बसवा. इअरफोन म्हणजे शेवटी बूचच. उघडी नळी बंद झाली, तिचे घुमणे बदलले आणि ती दहापंधरा डेसिबलची नैसर्गिक वाढ नाहीशी झाली. अशा वेळी इअरफोनने सर्व वारंवारता अगदी समान तीव्रतेने दिल्या, तर कागदावर आलेख सरळ दिसेल, पण ऐकणाऱ्याला गायकाचा आवाज पडद्याआडून आल्यासारखा, मंद आणि मलूल वाटेल. इअरफोनचे पहिले कर्तव्य त्यामुळे विलक्षण आहे : आपण आत शिरल्यामुळे कानाचे जे हिरावले गेले, ते त्याने मोजून परत करायचे. परत करायचे तर किती, हे कळण्यासाठी कर्णपटलापाशी मोजावे लागते. आणि जिवंत माणसाच्या कर्णपटलापाशी मायक्रोफोन नेणे हे नाजूक आणि जोखमीचे काम.

या अडचणीवर उपाय म्हणून १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात नोल्स कंपनीत एक पुतळा घडवला गेला. त्याचे नाव 'केमार'. प्रौढ माणसांच्या शरीराच्या सरासरी मापांवर बेतलेले डोके आणि धड, रबरी कान, आणि कानाच्या आत कर्णपटलाच्या जागी मायक्रोफोन. आतली नलिका मानवी कानासारखी वागावी यासाठी सिरॅक्यूज विद्यापीठातील श्रवणशास्त्रज्ञ योझेफ झ्विसलॉकी यांनी विकसित केलेला 'कृत्रिम कान' त्यात बसवण्यात आला. हेतू एकच होता, श्रवणयंत्रांची चाचणी. याच घराण्यातल्या कृत्रिम कानाला १९८१ साली 'आयईसी ७११' या आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. आज एखाद्या इअरफोनचा आलेख पाहून तरुण त्यावर वाद घालतात, तेव्हा तो आलेख बहुधा याच मानकाच्या एखाद्या धातूच्या नळकांड्यातून काढलेला असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

नोल्स कंपनीत तेव्हा मीड किलियन नावाचे अभियंते काम करत होते. १९७९ साली त्यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. त्याचा विषय होता उच्च प्रतीच्या ध्वनीचे श्रवणयंत्र. त्या काळाच्या पार्श्वभूमीवर हे शब्द एकमेकांशेजारी शोभणारे नव्हते. प्रचलित श्रवणयंत्रे साधारण चारपाच हजार हर्ट्झच्या पुढे निष्प्रभ होत. संभाषण कळले म्हणजे झाले, ज्याला मुळातच कमी ऐकू येते त्याला आवाजाच्या दर्जाचे काय, अशी धारणा त्यामागे होती. या धारणेची किंमत कोण मोजत होते हे सांगायला नको. वयोमानाने श्रवणशक्ती मंदावलेला एखादा व्हायोलिनवादक यंत्र कानात घालून स्वतःचे वाद्य ऐकू लागला, तर त्याच्या वाट्याला टेलिफोनवरून आल्यासारखा आवाज येई.

किलियन यांनी ही धारणा वादाने खोडण्याऐवजी तुलनेने खोडली. त्यांनी प्रायोगिक श्रवणयंत्रे तयार केली, केमारच्या कानातून त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि घरगुती हाय-फाय स्पीकरांच्या आवाजाशी त्याची तुलना श्रोत्यांकडून करवून घेतली. ऐकणाऱ्यांत कसलेले कानही होते आणि सामान्य माणसेही. प्रायोगिक श्रवणयंत्रांना महागड्या स्पीकरांच्या तोडीचे गुण मिळाले. नखाएवढ्या पेटीत उत्तम ध्वनी शक्य आहे, अडसर तंत्रज्ञानाचा नसून अपेक्षेचा आहे, हे त्यातून सिद्ध झाले. विशेष हे, की गुण देण्याची किलियन यांनी पुढे रुजवलेली पद्धतही उसनी होती : ग्राहकांसाठी वस्तूंची तपासणी करणारी 'कन्झ्युमर्स युनियन' ही अमेरिकी संस्था स्पीकरांच्या अचूकतेला जशी टक्केवारी देई, तशीच टक्केवारी त्यांनी कानातल्या यंत्रांना लावली.

योगायोग असा, की त्याच १९७९ च्या जुलै महिन्यात सोनीने टोकियोत वॉकमन विक्रीस आणला. जगाने वॉकमन पाहिला. प्रबंध कोण वाचतो? वॉकमनसोबतचे हेडफोन हलके, स्पंजाच्या गाद्यांचे होते. १९८२ मध्ये सोनीने कानाच्या खोबणीत टेकणारी, 'इअरबड' म्हणून ओळखली जाणारी बटणे आणली. ती सोयीची होती यात शंका नाही. पण ती कान बंद करत नसत. खर्जाचा आवाज बाहेर निसटून जाई आणि रस्त्यावरचा गोंगाट आत येई. पुढची पंचवीस वर्षे जगाने बहुतांश संगीत अशा बटणांतून ऐकले. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही वाट मर्काडिए यांच्याही मागे जाणारी होती.

किलियन यांनी १९८३ साली 'एटिमॉटिक रिसर्च' ही स्वतःची कंपनी काढली. ग्रीक धातूंवरून घडवलेल्या या नावाचा अर्थ 'कानाशी प्रामाणिक' असा सांगितला जातो. तिची पहिली इअरफोन उत्पादने संगीतासाठी नव्हतीच. ईआर-१, ईआर-२ आणि ईआर-३ हे तिन्ही प्रयोगशाळेत व श्रवणचाचणीच्या खोलीत वापरायचे होते : छातीशी एक छोटी पेटी, तिच्यातून निघालेली नळी, आणि नळीच्या टोकाला कानात फुगून बसणारा फोम. श्रवणचाचणीत तोवर कानावर दाबून बसवायचे हेडफोन असत. त्यांच्या दाबाने वृद्धांची आणि तान्ह्या मुलांची मऊ कर्णनलिका कधीकधी मिटून जाई आणि नसलेला दोष कागदावर उमटे. शिवाय एका कानाला दिलेला आवाज कवटीतून दुसऱ्या कानापर्यंत पोचून निष्कर्ष बिघडवी. कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनने हे दोन्ही दोष पुष्कळ कमी केले. जगभरच्या श्रवणचिकित्सकांकडे आजही ही पद्धत वापरात आहे.

या तिघांतील फरक मोठा उद्बोधक आहे. ईआर-२ कर्णपटलापाशी सर्व वारंवारता समान देई. ईआर-१ मात्र उघड्या कानातली ती नैसर्गिक वाढ जशीच्या तशी परत करी. संशोधकाला कधी हा हवा असे, कधी तो. म्हणजे 'अचूक इअरफोन' हा शब्दप्रयोग अपुरा आहे, 'कशाच्या तुलनेत अचूक' हे सांगावे लागते, याची जाणीव त्या खोलीत आधीपासूनच होती. बाजाराला ती यायला आणखी तीसेक वर्षे लागली.

१९९१ साली ईआर-४ आला. सामान्य ग्राहकासाठी बनवलेला, कान पूर्ण बंद करणारा आणि उच्च प्रतीचा ध्वनी देणारा पहिला इन-इअर म्हणून त्याची नोंद होते. प्रत्येक कानात एकच बॅलन्स्ड आर्मेचर. डाव्या-उजव्या बाजूचे श्रवणी मोजून, जुळवून जोडी लावलेली. टोकाला तीन कड्यांची रबरी टोपी, जी कर्णनलिकेत बरीच खोल सरकवावी लागे. नव्या माणसाला ती नकोशी होई. तार कपड्यांवर घासली की कानात खरखर ऐकू येई. आणि किंमत ३३० डॉलर. वॉकमनच्या बटणांची सवय असलेल्या ग्राहकाने हे का घ्यावे, हा प्रश्न रास्तच होता. उत्तर असे, की नीट बसवल्यावर बाहेरचा आवाज तीस डेसिबलहून अधिक घटे, आणि उरलेल्या शांततेत संगीत कमी आवाजातही पूर्ण उलगडे.

ईआर-४ चे दोन प्रकार निघाले. 'बी' हा पुतळ्याच्या किंवा माणसाच्या कानांत मायक्रोफोन ठेवून केलेल्या ध्वनिमुद्रणांसाठी. तो उघड्या कानाचा आलेख काटेकोर पाळी. 'एस' हा बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण सीडींसाठी. त्यात वरच्या पट्टीचा आवाज किंचित उतरवलेला होता, कारण सीडीवरचे संगीत स्टुडिओतल्या स्पीकरांसमोर बसून घडवलेले असते आणि कानात थेट सोडल्यावर ते जरा तिखट लागते. पुढे छोट्या उपकरणांसाठी 'पी' हा प्रकार आला. 'पी'ला ७५ ओहमचा एक रोधक जोडला की तो 'एस' होई! दोन वेगळी नावे आणि चाहत्यांत रंगणारे वाद, यांच्या मुळाशी काही पैशांचा तो रोधक होता. इअरफोनच्या इतिहासातला हा तपशील प्रत्येक खरेदीदाराने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दुसरा प्रवाह रंगमंचावरून आला. रॉक मैफलीत गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी तिरके स्पीकर ठेवलेले असत. ढोलांच्या वर ऐकू यायचे तर ते वाढवायचे, ते वाढले की गिटारवाला आपला आवाज वाढवणार, आणि ही चढाओढ कानांच्या जिवावर चाले. 'द हू' या वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड यांनी आपल्या श्रवणदोषाबद्दल उघडपणे सांगितले आहे. दोष त्यांनी मुख्यतः स्टुडिओतल्या हेडफोनांना दिला, हेही ध्यानात घ्यावे. १९८० च्या दशकात बिनतारी इन-इअर रंगमंचावर दिसू लागले. १९९५ साली व्हॅन हेलन या वाद्यवृंदाचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ढोलवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी प्रत्येक कानात दोन श्रवणी असलेला इअरफोन घडवला. एक खर्जासाठी, एक वरच्या पट्टीसाठी. त्यातून 'अल्टिमेट इअर्स' ही कंपनी उभी राहिली. तिचे सुरुवातीचे उत्पादन वेस्टोन या कंपनीने केले, आणि वेस्टोनचा मूळ धंदा श्रवणयंत्रांसाठी कानाचे साचे बनवण्याचा. कानात मऊ द्रव्य भरून ठसा घ्यायचा आणि त्यावरून कवच ओतायचे, ही पद्धत श्रवणचिकित्सकाचीच. रॉक संगीताच्या झगमगाटात मिरवणारी ही वस्तूदेखील त्याच घराण्यातली निघाली.

दोन श्रवण्यांना कारण होते. ढोलवादकाला एका छोट्या जिव्हेने खर्जाचा धक्का पुरत नव्हता. पण एकदा 'दोन' हा आकडा जाहिरातीत गेला, की तीन, चार, सहा यांना कोण अडवणार? २०१३ साली जेरी हार्वी यांच्याच दुसऱ्या कंपनीने प्रत्येक कानात बारा श्रवणी बसवले. याउलट सेनहायझरने २०१२ साली आणलेल्या आपल्या सर्वांत महागड्या इन-इअरमध्ये सात मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर होता, तोही जिव्हेचा नव्हे, साध्या वेटोळ्या-पडद्याचा. दोघांचेही चाहते आहेत. ड्रायव्हरच्या संख्येवरून आवाज जोखणे हे स्वयंपाकाची चव भांड्यांच्या संख्येवरून ठरवण्यासारखे आहे.

मग जोखायचे कशावरून? या प्रश्नाचा पद्धतशीर पाठपुरावा २०१२ च्या सुमारास हार्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केला. त्यांची युक्ती साधी पण प्रभावी होती. इन-इअर कानात घालताना त्याचा आकार, वजन, ब्रँड सारेच कळते. मग निष्पक्ष तुलना व्हायची कशी? त्यांनी एकच इअरफोन श्रोत्याच्या कानात ठेवला आणि इतर इअरफोनांचे आलेख संगणकाच्या साहाय्याने त्याच्यावर चढवले. श्रोत्याला आवाज बदललेला कळे, वस्तू कोणती ते कळत नसे. २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७१ श्रोत्यांनी ३० इन-इअर या पद्धतीने तोलले. बहुसंख्यांची पसंती एका विशिष्ट आलेखाच्या आसपास जमा झाली : चांगल्या खोलीत चांगले स्पीकर वाजत असताना कानाशी जे पोहोचते त्याच्याशी मिळताजुळता, खर्ज थोडा वाढवलेला. काहींना खर्ज याहून कमी हवा होता, काहींना जास्त. हार्मन स्वतः इअरफोन विकते, त्यामुळे या निष्कर्षांकडे सावधपणे पाहणे योग्यच. तरीही पद्धत आणि आलेख त्यांनी उघड केले, आणि प्रतिस्पर्ध्यांनीही ते वापरले, ही गोष्ट त्यांच्या पदरात टाकावी लागते.

किमतीचा प्रश्नही त्याच वर्षी निकालात निघाला. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांच्या आलेखांची त्यांच्या बाजारभावाशी सांगड घालून पाहिली. संबंध आढळला नाही. बांधणी, टिकाऊपणा, कानाला होणारा त्रास यांविषयी हा अभ्यास काही बोलत नाही, आणि त्या बाबतीत अधिक पैसे मोजणे समर्थनीय ठरू शकते. पण अधिक किंमत म्हणजे अधिक चांगला आलेख, हे समीकरण मात्र त्यापुढे टिकत नाही. अलीकडच्या दशकात चिनी कंपन्यांनी ७११ च्या नळकांड्यावर मोजून, हार्मनच्या किंवा तत्सम आलेखाकडे डोळा ठेवून स्वस्त इन-इअर बाजारात आणले, आणि या निष्कर्षाचा प्रत्यय सामान्य खरेदीदाराला आला.

आलेख हाती आला म्हणून निवड संपली असेही नाही. मानकातला कृत्रिम कान साधारण आठदहा हजार हर्ट्झपर्यंत भरवशाचा. त्यापुढे इअरफोन दोन मिलिमीटर खोल की उथळ बसला यावर आलेखातली शिखरे सरकतात. दुसरे असे, की केमार हा सरासरी माणूस आहे आणि सरासरी माणूस रस्त्यावर भेटत नाही. पुतळ्यासाठी पुढे लहान आणि मोठ्या आकाराचे वेगळे कान करावे लागले, ते याचमुळे. ब्रुएल अँड केअर या डॅनिश कंपनीने अलीकडे एमआरआय चित्रणावरून घेतलेल्या खऱ्या कर्णनलिकांच्या आकारावर नवा पुतळा बेतला, तेव्हा जुन्या नळकांड्यावर सुरेख दिसणारे काही आलेख त्याच्या कानात वेगळे दिसू लागले.

सर्वांत मोठा फरक मात्र फुकटात मिळणाऱ्या त्या रबरी टोप्यांनी पडतो. टोपी कानात घट्ट बसली नाही, बारीकशी फट राहिली, तरी खर्ज निसटतो आणि लाखाचा इअरफोन पोकळ वाजतो. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशा जोड्या असतात. पुष्कळ लोक मधली जी आधीपासून लावलेली असते तीच ठेवतात. डाव्या-उजव्या कानांचे माप एकाच माणसात वेगळे असू शकते, हे साचे घेणाऱ्या कारागिरांना जुने ठाऊक आहे.

फटीचा संबंध केवळ खर्जाशी नाही. गर्दीच्या लोकलमध्ये उघड्या बटणांतून ऐकणारा माणूस गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवतो, आणि गाडीतून उतरल्यावर तो तसाच राहतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी ठरवलेली मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज तीन डेसिबलनी वाढला की मुभा निम्मी होते : ८३ ला २० तास, ८६ ला १०. बाहेरचा आवाज वीसतीस डेसिबलनी घटवणारी टोपी या हिशेबात काय करू शकते, ते ताडणे अवघड नाही. ईआर-४ च्या आधीच, १९८८ साली, किलियन यांच्या कंपनीने वादकांसाठी सर्व पट्ट्यांत समान आवाज घटवणारी कर्णबुचे काढली होती. त्यांच्या कामाची दिशा लक्षात घेता इअरफोन हे जणू त्या बुचांचेच पुढचे रूप ठरते.

ॲपलने २०१९ मध्ये आणलेल्या एअरपॉड्स प्रोमध्ये कानाच्या आतल्या दिशेने तोंड असलेला एक छोटा मायक्रोफोन होता. टोपी नीट बसली की नाही हे तो तपासतो आणि त्या विशिष्ट कानात पोहोचणारा आवाज मोजून आलेखात फेरफार करतो. किलियन यांच्या पिढीला पुतळ्याच्या कानात जे मोजावे लागले, ते आता वापरणाऱ्याच्या कानात, तो गाणे ऐकत असतानाच मोजले जाते. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच मालिकेतील दुसऱ्या पिढीच्या इअरफोनांना, सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना वापरता येणारे श्रवणयंत्र म्हणून काम करण्याची परवानगी दिली.